काउंटीचं मध्यक कुटुंब उत्पन्न आणि त्याचा वर्षानुवर्षांचा माग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत घर घेताना, शाळा निवडताना, एखाद्या संस्थेसाठी मदतीचा अर्ज लिहिताना किंवा प्रबंधासाठी आकडेवारी जमवताना काउंटीच्या (साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) उत्पन्नाचा आकडा लागतोच. तो मिळतो सहज, पण दहा वर्षांपूर्वीच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करायला गेलं की गोंधळ सुरू होतो. मी रोज हेच आकडे हाताळतो. मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: दोन वर्षांचे आकडे एकाच मापाने मोजलेले आहेत याची खात्री झाल्याशिवाय ‘वाढ’ किंवा ‘घट’ हा शब्द लिहू नका. खालची बहुतेक उत्तरं ही खात्री कशी करायची याबद्दलच आहेत.

मध्यकच का? सरासरी का नको?

नऊ घरांची एक गल्ली घ्या. वार्षिक उत्पन्नं हजार डॉलरांत अशी: २८, ३५, ४१, ५२, ५८, ६३, ७७, ९० आणि १,०००. सरासरी येते १ लाख ६० हजारांच्या वर. म्हणजे नऊपैकी आठ घरं सरासरीच्या बरीच खाली. मध्यक मात्र ५८ हजार, कारण चार घरं त्याच्या खाली आणि चार वर. शेवटच्या घराचं उत्पन्न दहा लाखांवरून वीस लाख झालं तरी मध्यक जागचा हलत नाही. गल्लीतलं मधलं घर कसं जगतं हे जाणून घ्यायचं असेल तर मध्यकच हवा.

‘कुटुंब’ म्हणजे नक्की कोण?

आपल्या जनगणनेत कुटुंब मोजतात ते चुलीवरून. एकत्र राहणारे आणि एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब. अमेरिकेत ते मोजतात दारावरून. एका स्वतंत्र घरात किंवा अपार्टमेंटमध्ये राहणारे सगळे मिळून एक ‘हाउसहोल्ड’, मग त्यांचं नातं असो वा नसो. पुण्याहून एमएस करायला गेलेली चार मुलं एका अपार्टमेंटमध्ये राहत असतील, प्रत्येकाचं वाणसामान वेगळं, फ्रिजमधले कप्पेसुद्धा वाटून घेतलेले, तरी ते एकच हाउसहोल्ड. चौघांचे स्टायपेंड एकत्र धरून एक उत्पन्न मोजलं जातं. हीच मुलं विद्यापीठाच्या वसतिगृहात राहत असती तर ती हाउसहोल्डच्या हिशेबात आलीच नसती. मोठं विद्यापीठ असलेल्या काउंटीचा मध्यक कमी दिसला तर त्यामागे हेही कारण असू शकतं.

याच्या जोडीला ‘फॅमिली’ नावाचं वेगळं माप आहे. त्यात रक्ताने, लग्नाने किंवा दत्तकविधानाने जोडलेलेच लोक येतात. एकटे राहणारे त्यातून गळतात, म्हणून फॅमिलीचा मध्यक सहसा हाउसहोल्डच्या मध्यकापेक्षा जास्त असतो. अमेरिकेचं गृहनिर्माण खातं घरकुल योजनांच्या मर्यादा ठरवताना फॅमिलीचा आकडा पायाला धरतं. एका वर्षाला फॅमिली आणि दुसऱ्या वर्षाला हाउसहोल्ड घेतलं, तर काहीच न बदलता काउंटी गरीब झाल्याचा भास होतो. मराठीत दोन्हींना आपण ‘कुटुंब’ म्हणतो, त्यामुळे ही चूक आपल्याकडून जास्त होते. खाली ‘कुटुंब’ म्हटलं आहे तिथे हाउसहोल्डच समजा.

उत्पन्नात काय काय धरतात?

कर कापण्यापूर्वीची रोख मिळकत: पगार, धंद्याचा किंवा शेतीचा नफा-तोटा, व्याज, लाभांश, भाडं, सोशल सिक्युरिटी, पेन्शन, रोख सरकारी मदत. घर किंवा शेअर विकून झालेला नफा धरत नाहीत. फूड स्टॅम्प (धान्यासाठीची सरकारी मदत), मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) आणि कंपनीने भरलेला आरोग्यविम्याचा हप्ताही नाही. म्हणून ब्युरो ऑफ इकॉनॉमिक ॲनालिसिस या दुसऱ्या सरकारी संस्थेचं दरडोई ‘पर्सनल इन्कम’ याच्याशेजारी ठेवू नये. ते मेडिकेअरसारखे लाभही धरतं, आणि मुळात ती सरासरी आहे.

प्रत्येक काउंटीचा दरवर्षीचा आकडा कुठे मिळतो?

अमेरिकेत सुमारे ३,१४० काउंट्या आहेत. सेन्सस ब्युरोची (अमेरिकेत जनगणना करणाऱ्या सरकारी संस्थेची) अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, म्हणजे एसीएस, दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर प्रश्नावली पाठवते. तरीही एका वर्षाच्या उत्तरांवरचा आकडा ती ६५,००० किंवा त्याहून जास्त वस्तीच्या भागांसाठीच देते. काउंट्यांपैकी जेमतेम एक चतुर्थांश त्यात बसतात. बाकीच्यांना पाच वर्षांची उत्तरं एकत्र करून काढलेल्या आकड्यावर भागवावं लागतं.

जवळजवळ प्रत्येक काउंटीचा एकेका वर्षाचा आकडा हवा असेल तर सेन्सस ब्युरोचाच दुसरा कार्यक्रम आहे. त्याचं आद्याक्षरी नाव साइपे. लहान भागांतलं उत्पन्न आणि दारिद्र्य यांचे अंदाज, असा त्याचा अर्थ. त्याचा जन्म शाळांच्या पैशांतून झाला. गरीब मुलांच्या शिक्षणासाठी केंद्राकडून येणारा ‘टायटल वन’ निधी दहा वर्षं जुन्या जनगणनेवर वाटला जायचा. दशकाच्या मध्यात एखाद्या गावातली गिरणी बंद पडली तर तिथल्या शाळेला त्याची दखल घेतली जायची वाट बघत बसावं लागे. १९९४ च्या शिक्षण कायद्याने ताजे अंदाज मागितले. या आकड्यांच्या मागे शाळेतली मुलं आहेत, हे मला काम करताना कायम लक्षात ठेवावंसं वाटतं.

साइपे लहान काउंटीचा आकडा काढतं तरी कसा?

टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं होती. अशा ठिकाणी एका वर्षाच्या सर्वेक्षणात किती घरं सापडणार? त्यांच्या उत्तरांवर मध्यक काढला तर तो एका वर्षी ४० हजार आणि पुढच्या वर्षी ९० हजार असा उड्या मारेल, गावात काही न घडता.

म्हणून दोन साक्षीदार उभे करतात. पहिला साक्षीदार म्हणजे एसीएसमध्ये त्या काउंटीतून आलेली थेट उत्तरं. दुसरा म्हणजे सांख्यिकी प्रारूपातून निघालेला अपेक्षित आकडा. प्रारूप देशभरातल्या काउंट्यांवरून शिकतं: आयकर विवरणपत्रांतलं मध्यक उत्पन्न इतकं असेल, सरकारी मदतीचं प्रमाण इतकं असेल, तर कुटुंबाचा मध्यक साधारण किती असतो? विवरणपत्रं नमुन्यापुरती नसतात, भरणाऱ्या सगळ्यांची असतात. त्यामुळे लहान काउंटीतही हा साक्षीदार डळमळत नाही. त्याची अडचण वेगळी आहे: विवरणपत्र न भरणारे त्याला दिसत नाहीत, आणि एका घरातून दोन-तीन विवरणपत्रं जाऊ शकतात.

मग दोघांना वजन देतात. थेट उत्तरांत जितकी अनिश्चितता जास्त, तितकं त्यांचं वजन कमी. समजा सर्वेक्षण म्हणतं ४८,०००, प्रारूप म्हणतं ५६,०००, आणि सर्वेक्षणाला वजन मिळालं ०.३. तर अंदाज होईल ०.३ × ४८,००० + ०.७ × ५६,००० = ५३,६००. (प्रत्यक्षात हे गणित उत्पन्नाच्या लॉगॅरिदमवर चालतं, इथे सोपं करून सांगितलं आहे.) लॉस एंजेलिससारख्या अजस्र काउंटीत नमुनाच इतका मोठा की सर्वेक्षणाचं वजन एकाच्या जवळ जातं आणि प्रारूपाला फारसं काम उरत नाही.

ही पद्धत रॉबर्ट फे आणि रॉजर हेरियट यांनी १९७९ मध्ये मांडली, आणि तीही याच कामासाठी. हजारापेक्षा कमी वस्तीच्या गावांचं दरडोई उत्पन्न त्यांना हवं होतं. आज जगभर लहान भागांच्या अंदाजांत त्यांचं नाव घेतलं जातं. ‘प्रारूपातून काढलेला आकडा म्हणजे बनावट’ असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. पंचवीस घरांच्या उत्तरांवर डोळे झाकून विसंबणं हे जास्त धोक्याचं आहे.

साइपेची मालिका किती मागे जाते? सलग वापरता येते का?

आकडे १९८९ पासून आहेत, पण सुरुवातीची वर्षं सलग नाहीत. २००५ मध्ये मोठा सांधा आहे. त्याआधी प्रारूपाचा पाया करंट पॉप्युलेशन सर्व्हे हे वेगळं सरकारी सर्वेक्षण होता, तोही तीन वर्षं एकत्र करून. २००५ पासून पाया एसीएसच्या एका वर्षाचा. आलेखात २००४ आणि २००५ यांच्यामध्ये उभी रेघ मारा आणि दोन्ही बाजूंना जोडणारी रेषा काढू नका. २००५ नंतरची मालिका मी निर्धास्त वापरतो.

एसीएसचा २०१५–२०१९ हा पाच वर्षांचा आकडा मी २०१९ चा म्हणून लिहिला तर?

चूक होईल. तो पाच वर्षांत आलेल्या उत्तरांना २०१९ च्या डॉलरमध्ये बदलून काढलेला एकच आकडा आहे. संथ चालणाऱ्या काउंटीत फरक पडणार नाही. पण नॉर्थ डकोटातली मॅकेन्झी काउंटी बघा. बॅकन खडकातल्या तेलाच्या लाटेत तिची वस्ती २०१० मधल्या ६,३६० वरून २०२० मध्ये १४,७०४ झाली. मधेच, २०१४ च्या उत्तरार्धात, तेलाचे भाव कोसळले. अशा ठिकाणी पाच वर्षांचा आकडा म्हणजे चढ आणि उतार एका भांड्यात ढवळून काढलेला घोट. चढ उशिरा दिसतो, उतारही उशिरा दिसतो.

दुसरी खबरदारी: २०१४–२०१८ आणि २०१५–२०१९ यांची तुलना करू नका. पाचपैकी चार वर्षं दोन्हींत आहेत. २०१०–२०१४ आणि २०१५–२०१९ अशा एकमेकांत न शिरणाऱ्या जोड्या घ्या.

आकड्याशेजारचं ‘±’ सोडून दिलं तर चालेल का?

नाही. याबाबतीत मी सवलत देत नाही. ± पुढचा आकडा म्हणजे चूकमर्यादा: सर्वेक्षण सगळ्या घरांचं नसतं, म्हणून खरा मध्यक साधारण तेवढा खाली किंवा वर असू शकतो. समजा एका काउंटीचा मध्यक आधी ५२,००० ± ६,००० होता आणि नंतर (त्याच डॉलरमध्ये) ५७,००० ± ७,००० झाला. पाच हजारांची वाढ झाली असं वाटतं. फरकाची चूकमर्यादा काढायची तर दोन्ही मर्यादांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ घ्या: ३६ आणि ४९ मिळून ८५, त्याचं वर्गमूळ सुमारे ९.२. म्हणजे फरक ५,००० ± ९,२००. वाढ झालीही असेल, घटही झाली असेल. या आकड्यांवरून ‘उत्पन्न वाढलं’ ही बातमी होत नाही.

सेन्सस ब्युरोच्या चूकमर्यादा ९० टक्के विश्वासपातळीच्या असतात. प्रमाण त्रुटी हवी असेल तर १.६४५ ने भागा.

महागाईचा हिशेब कसा धरायचा?

दोन्ही वर्षं एकाच वर्षाच्या डॉलरमध्ये आणा. देशाचंच उदाहरण घेऊ. २००० च्या जनगणनेनुसार १९९९ चं मध्यक कुटुंब उत्पन्न ४१,९९४ डॉलर होतं. एसीएसनुसार २०१९ चं ६५,७१२. नुसतं बघितलं तर ५६ टक्के वाढ. ग्राहक किंमत निर्देशांक १९९९ मध्ये १६६.६ होता, २०१९ मध्ये २५५.७. भागाकार केला की सुमारे १.५३. या हिशेबाने ४१,९९४ चे २०१९ चे डॉलर होतात साधारण ६४,४००. वीस वर्षांत खरी वाढ दोन टक्क्यांच्या आसपास! जनगणना आणि एसीएस यांची विचारण्याची रीत एक नाही, त्यामुळे तेवढ्या दोन टक्क्यांवरही जोर देऊ नका. तरी ५६ आणि २ यांतली दरी बघा. महागाई न काढता काढलेले चढते आलेख मला म्हणूनच सलतात. ज्यांच्या घरी वीस वर्षांत काहीच हललं नाही, त्यांना ते आलेख भरभराट झाल्याचं सांगतात.

साइपेचे जुने आकडे त्या-त्या वर्षाच्या डॉलरमध्येच असतात. ते बदलायचं काम तुमचं. निर्देशांक कुठला वापरला ते तळटीपेत लिहा आणि संपूर्ण मालिकेला तोच ठेवा.

काउंटीची हद्द किंवा नाव बदललं तर?

मालिका मुकाट्याने तुटते. साउथ डकोटातली शॅनन काउंटी, म्हणजे मूळ अमेरिकी लकोटा लोकांच्या पाइन रिज या राखीव प्रदेशाचा भाग, २०१५ मध्ये ओग्लाला लकोटा झाली. हद्द तीच, लोक तेच, पण आकडेवारीत काउंटी ओळखायचा सरकारी संकेतांक ४६११३ चा ४६१०२ झाला. एकदा दोन फायली संकेतांकावर जोडताना माझ्या तक्त्यातून ही काउंटी निम्म्या वर्षांसाठी गायब झाली. देशातल्या सर्वांत गरीब काउंट्यांपैकी एक गायब, आणि बेरजा सगळ्या जुळत होत्या. तेव्हापासून फायली जोडल्यावर न जुळलेल्या ओळी मी आधी छापून बघतो. फ्लोरिडातली डेड काउंटी १९९७ मध्ये मायामी-डेड झाली, तिथेही हेच होतं.

नाव बदललं तर जोडून घेता येतं. हद्द बदलली तर अवघड. कोलोराडोत २००१ मध्ये चार काउंट्यांचे तुकडे घेऊन ब्रूमफील्ड काउंटी बनली. कनेक्टिकटमध्ये तर २०२२ पासून सेन्ससच्या आकडेवारीत आठ काउंट्यांच्या जागी नऊ नियोजन विभाग आले. जुन्याशी नवं एकास एक जुळत नाही, १६९ टाउनपासून पुन्हा बांधणी करावी लागते. ठाण्यातून २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर ‘ठाणे जिल्ह्या’ची जुनी मालिका जशी निरुपयोगी झाली, तसंच हे.

दोन काउंट्यांच्या मध्यकांची सरासरी काढून एकत्रित आकडा मिळेल का?

मिळत नाही. एका काउंटीत तीन घरं: २०, ३०, ९०. मध्यक ३०. दुसरीत पाच: ४०, ५०, ६०, ७०, ८०. मध्यक ६०. साधी सरासरी ४५, घरांच्या संख्येचं वजन दिलं तर ४८.७५. आता आठही घरं एका ओळीत उभी करा: मध्यक ५५ निघतो.

योग्य वाट उत्पन्नगटांची. एसीएस प्रत्येक काउंटीतली घरं सोळा गटांत वाटून देते. दोन्ही काउंट्यांचे गट बेरजेने एकत्र करा. समजा एकूण ५,००० घरं झाली, त्यांपैकी २,३०० घरं ५० हजारांच्या खाली आणि पुढच्या ५० ते ६० हजारांच्या गटात ५०० घरं. मधलं घर २,५०० वं, म्हणजे या गटात २०० घरं आत शिरून. ५०० पैकी २०० म्हणजे दहा हजारांतले चार हजार. मध्यक ५४,०००. आपल्या शाळेत वर्गीकृत वारंवारता सारणीवरून मध्यक काढायला शिकवतात, तेच हे गणित.

१९९९ च्या मागे जाता येतं का?

येतं, पण साइपेची तुटक वर्षं सोडली तर दहा-दहा वर्षांच्या उड्यांनी. १९७९, १९८९ आणि १९९९ चे काउंटीनिहाय मध्यक जनगणनेच्या लांब प्रश्नावलीतून मिळतात. साधारण दर सहा घरांपैकी एकाला ती जायची, त्यामुळे लहान काउंट्यांचे आकडेही भक्कम. २००० नंतर ती बंद झाली आणि एसीएस आली. अजून मागे गेलात तर १९४० च्या जनगणनेत उत्पन्न पहिल्यांदा विचारलं गेलं, पण फक्त मजुरी आणि पगार, आणि ५,००० डॉलरांवरची रक्कम नुसती ‘५,०००+’ म्हणून. शेतकऱ्याचं उत्पन्न त्यात येतच नाही. त्या आकड्याला आजच्या मालिकेचं पहिलं टोक करू नका.

मध्यक वाढला म्हणजे तिथल्या लोकांची परिस्थिती सुधारली ना?

तसं होतंच असं नाही. मध्यक माणसांचा पाठलाग करत नाही, तो जागेचा असतो. घरभाडं वाढून कमी पगाराची कुटुंबं शेजारच्या काउंटीत गेली आणि त्यांच्या जागी सॉफ्टवेअरवाले आले, तर एकाचाही पगार न वाढता मध्यक चढतो. उलटही होतं: निवृत्त लोक मोठ्या संख्येने राहायला आले तर कामकऱ्यांचे पगार वाढूनही मध्यक खाली येऊ शकतो. म्हणून मध्यकाबरोबर लोकसंख्या, वय आणि स्थलांतर हे तीन रकाने तरी ठेवा.

देशाच्या मध्यकाचे दोन वेगळे सरकारी आकडे दिसतात. खरा कुठला?

दोन्ही. २०१९ साठी एसीएसचा ६५,७१२ आहे, तर करंट पॉप्युलेशन सर्व्हेचा ६८,७०३. पहिल्यात वर्षभर दर महिन्याला ‘गेल्या बारा महिन्यांत किती मिळालं’ असं विचारतात. दुसऱ्यात वसंतात, प्रशिक्षित मुलाखतकार मागच्या कॅलेंडर वर्षाचं उत्पन्न बाबवार विचारतात. काउंटीसाठी एसीएस किंवा साइपे घ्या आणि देशाशी तुलना करतानाही देशाचा आकडा तिथलाच घ्या.

आमच्या काउंटीच्या आकड्यावरून तिथल्या मराठी कुटुंबांचं उत्पन्न सांगता येईल का?

नाही. न्यू जर्सीतलं एडिसन ज्या मिडलसेक्स काउंटीत आहे, तिचा मध्यक अलीकडे एक लाख डॉलरांच्या वर आहे, पण तो तिथल्या सगळ्या घरांचा. एसीएस घरात कुठली भाषा बोलता हे विचारते आणि मराठीची वेगळी नोंद होते. तिच्या नावं काढून टाकलेल्या सूक्ष्म नोंदी उपलब्ध आहेत, पण त्या किमान एक लाख वस्तीच्या भागांसाठी. राज्य पातळीवर, पाच वर्षं एकत्र घेऊन काही हाती लागतं. एकेका काउंटीत चूकमर्यादाच आकड्याला गिळून टाकते.

महाराष्ट्रात जिल्हानिहाय असा मध्यक मिळतो का?

असा मिळत नाही. राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्हानिहाय दरडोई उत्पन्न छापलं जातं. ते जिल्ह्यात निर्माण झालेल्या मूल्याला लोकसंख्येने भागून येतं, म्हणजे सरासरी, आणि तीही घराची नव्हे, उत्पादनाची. मुंबई, ठाणे, पुणे वर आणि नंदुरबार, वाशीम, गडचिरोली तळाला हा क्रम त्यातून कळतो. नंदुरबारमधल्या मधल्या घरात वर्षाला किती रुपये येतात, हे कळत नाही.

फाइलमध्ये २,५०,००१ किंवा -६६६६६६६६६ दिसतंय. हे काय?

पहिला आकडा म्हणजे ‘मध्यक अडीच लाख डॉलरांच्या वर आहे, नेमका देत नाही’. दुसरा म्हणजे ‘उत्तरं पुरेशी नाहीत, अंदाज काढलेला नाही’. काउंटीत हे क्वचित दिसतं, तिच्या आतल्या छोट्या भागांत नेहमी. दोन्ही आकडे गणिताआधी रिकामे करा. उणे सहासष्ट कोटी घेऊन काढलेली सरासरी लगेच डोळ्यांत भरते, पण २,५०,००१ खऱ्या आकड्यासारखा दिसतो आणि तसाच आलेखात जाऊन बसतो.